विषयांतर

टोमॅटो हे फळ की भाजी, या प्रश्नाचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ साली दिला, हे मला माहीत आहे. भाजीवर आयातकर होता, फळांवर नव्हता. आणि टोमॅटो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नव्हे, सबब ती भाजी, असे न्यायमूर्तींनी ठरवले. वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येने केळे हे ‘बेरी’ आहे आणि स्ट्रॉबेरी मात्र नाही, हेही मला माहीत आहे. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारे एक स्वतंत्र विकर कांद्यात असते, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले, हेही मी कुणी विचारले तर सांगू शकतो. कुणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी. मात्र ज्या मनमाडमध्ये माझी सारी नोकरी झाली, त्या गावात बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, ही गोष्ट मला वयाची पंचेचाळीस वर्षे उलटेपर्यंत माहीत नव्हती. पुढे लिहितो आहे ती या अज्ञानाची हकीकत.

पर्यावरण शिक्षण सर्व स्तरांवर अनिवार्य असावे, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पदवीच्या वर्गांत तो विषय प्रत्यक्ष अवतरायला २००४ च्या आसपासचा काळ उजाडला. विषय आला, पण त्याबरोबर शिक्षक आला नाही. तेव्हा ज्या विभागाचा कार्यभार कमी, त्या विभागाच्या गळ्यात तो पडू लागला. आणि मराठी विभागाचा कार्यभार कमी असणे ही तर आपल्याकडची जुनीच परंपरा. २००८ साली माझ्याकडे दुसऱ्या वर्षाचा पर्यावरणाचा वर्ग आला. विद्यार्थ्यांनी वर्षाअखेरीस एक प्रकल्प द्यायचा आणि मी तो तपासायचा. त्यासाठी आपली तयारी हवी म्हणून मी ठरवले, की आधी आपल्याच गावच्या पाण्याविषयी सगळे वाचून काढायचे.

मनमाड बाहेरच्यांना ठाऊक असते ते गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून. नांदेडला जाणारे शीख यात्रेकरू इथे उतरतात, गुरुद्वारात लंगर घेतात. शिर्डीचे भक्त इथून वळतात. गाडीच्या खिडकीतून अंकाई-टंकाईची जोडी आणि अंगठा दाखवावा तशी उभी असलेली हडबीची शेंडी दिसते, आणि गाडी हलते. इथे राहणाऱ्याला मनमाड ठाऊक असते ते पाण्यामुळे. गावाला वागदर्डी धरणाचे पाणी. ते पुरत नाही, म्हणून पालखेडच्या कालव्याचे पाणी पाटोद्याच्या साठवण तलावात घ्यायचे आणि तिथून उचलून वागदर्डीत आणायचे. कालव्याला पाणी सुटते त्याला ‘आवर्तन’ म्हणतात. संगीतात आवर्तन समेवर येते, अथर्वशीर्षाचे आवर्तन मोजून होते. आमचे आवर्तन कधी सुटेल हे मात्र वर्तमानपत्रात शोधावे लागे. पंधरा-वीस दिवसांनी नळ येणे हे त्या काळी उन्हाळ्यातले सामान्य वेळापत्रक होते. याच गावाच्या कुशीत अन्न महामंडळाची प्रचंड धान्यकोठारे आहेत आणि पानेवाडीला तेल कंपन्यांचे इंधनसाठे. म्हणजे राज्याच्या मोठ्या भागाला पुरणारे धान्य आणि तेल इथे साठलेले, आणि हंडा तेवढा रिकामा. निबंधाला विषय म्हणून याहून चांगले काय हवे होते?

त्याच सुमारास घरी ब्रॉडबँड आले होते. भारनियमन संपून वीज आली, की रात्री मी संगणकापुढे बसायचो. लासलगावच्या कांद्याला एका हंगामात किती पाणी लागते, हे शोधायला बसलो तो कांद्यापायी येणाऱ्या अश्रूंपाशी पोचलो. जमिनीतले पाणी मागायला जावे आणि डोळ्यांतले घेऊन यावे, असा तो प्रकार. पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटोवरच्या फवारण्यांविषयी वाचू लागलो, तो वर सांगितलेला खटला समोर आला. एका चतुर्थीच्या संध्याकाळी तर साबुदाण्याने मला दोन तास बसवून ठेवले. आपल्या उपवासाच्या ताटातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. त्यातले शेंगदाणे तिकडचे, हिरवी मिरची तिकडची, बटाटा तिकडचा, रताळे तिकडचे, राजगिराही तिकडचाच. ताटात खरी इकडची म्हणावी तर ती आमच्या इगतपुरी-त्र्यंबककडच्या डोंगरउतारांवर पिकणारी वरई, म्हणजे भगर. परदेशी धान्यांनी केलेल्या या सोवळ्या उपवासाची मला इतकी गंमत वाटली, की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ती तीन वेळा सांगितली.

या साबुदाण्याच्या वाटेवर काय काय होते, ते आज आठवून पाहतो. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी १८८० नंतरच्या वर्षांत दुष्काळात तगणारे पीक म्हणून या कंदाला उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरचा साबुदाणा येईनासा झाला, तेव्हा तामिळनाडूत सेलमला या कंदाच्या पिठापासून तो बनवण्याचा उद्योग उभा राहिला. आणि त्या कारखान्यांना भरपूर पाणी लागते, त्यांचे आंबूस सांडपाणी आसपासच्या ओढ्या-विहिरींत उतरते, हेही तिथे लिहिलेले होते. म्हणजे दुष्काळ, पीक, पाणी, प्रदूषण असा माझा सगळा विषय त्या एका पानावर हात जोडून उभा होता. मी तो ओलांडून मूळचा साबुदाणा ज्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून करतात, त्या झाडाचे चित्र पाहायला गेलो.

एका रात्री, दोनच्या सुमारास, आतून हाक आली, “अहो, नळ आलाय. उठा, मोटर लावा.” मी “आलोच” म्हणालो. तेव्हा मी स्ट्रॉबेरी ‘बेरी’ का नाही ते वाचत होतो. तिच्या पृष्ठभागावर दिसतात ते दाणे म्हणजेच तिची खरी फळे असतात, हे समजून घेऊन मी उठलो, तोवर नळाची धार बारीक झाली होती. सौ.ने दोन पिंपे हंड्या-हंड्याने भरली होती आणि गच्चीवरची टाकी रिकामीच राहिली होती. पुढचे अठरा दिवस आम्ही त्या दोन पिंपांवर आणि घरामागच्या बोअरवर काढले. गावच्या पाणीटंचाईवर संशोधन करण्यात मी गढलो होतो आणि त्याच वेळी दारात आलेले पाणी निघून गेले. हे तेव्हा मला केवळ विनोदी वाटले. सौ.ला तेवढेही वाटले नाही.

या भरकटण्याचे समर्थन करायला साहित्याच्या शिक्षकाजवळ दारूगोळा भरपूर असतो. लघुनिबंध शिकवताना मी दर वर्षी सांगत आलो, की विषयांतर हा या प्रकाराचा दोष नसून श्वास आहे. फडके-काणेकरांचा निबंध सरळ रस्त्याने गेला असता तर तो निबंध न होता अहवाल झाला असता. खाण्याचे तपशील क्षुल्लक असतात असेही नाही. ‘लीळाचरित्रा’त कुणी काय रांधले आणि कुणी काय वाढले याचे उल्लेख आहेत, म्हणून तेराव्या शतकातला महाराष्ट्र आपल्याला जिवंत दिसतो. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीला ‘खमंग’ लिहिणे कमीपणाचे वाटले नाही. तेव्हा मी साबुदाण्यामागे गेलो तर बिघडले कुठे?

बिघडले ते असे. दुर्गाबाई पदार्थामागे गेल्या त्या माणसांपर्यंत पोचण्यासाठी. मी पदार्थामागे जात होतो तो माणसांपासून सुटण्यासाठी. गावच्या पाण्याविषयी जे वाचायला मिळे, ते वाचून अस्वस्थता येई. कालव्याच्या वरच्या अंगाचे शेत आणि शेवटचे गाव यांतला तंटा, धरणातला गाळ, फुटकी जलवाहिनी, टँकर कुणाकडे जातो आणि कुणाकडे जात नाही हा प्रश्न. यातल्या प्रत्येक गोष्टीत मी होतो. बोअर माझ्या घरामागे होते, मोटर माझ्याकडे होती, पाण्याची टाकी माझ्या गच्चीवर होती. समोरच्या वस्तीत यातले काहीही नव्हते. टोमॅटोच्या खटल्यात मी कुठेच नव्हतो. त्या माहितीला सुरुवात होती, गंमत होती, शेवट होता आणि शेवटी माझ्याकडे कसलीही मागणी नव्हती. दिवसभर पर्यावरणाची काळजी वाहिल्याचे पुण्य पदरात आणि रात्री डोके हलके, असा तो दुहेरी लाभ होता.

अशा रात्रींतच मला ‘आभासी पाणी’ भेटले. लंडनच्या टोनी ॲलन यांनी १९९० च्या दशकात मांडलेली ही कल्पना: एखादा पदार्थ पिकवायला जे पाणी लागते ते त्या पदार्थाबरोबर प्रवास करते, असे मानायचे. नेदरलँड्सचे आर्येन हुक्स्ट्रा यांनी २००२ मध्ये तिला ‘जल-पदचिन्हा’चे मोजमाप दिले. कॉफीच्या एका लहान कपामागे सुमारे १३० लिटर, चहाच्या कपामागे ३० लिटरच्या आत, किलोभर गव्हामागे जागतिक सरासरीने १,८०० लिटरच्या आसपास, असे हे आकडे. मी मोहरून गेलो. आमच्या कोठारातले पोते ५० किलोचे. म्हणजे एका पोत्यात ९०,००० लिटर पाणी! तहानलेल्या मनमाडच्या कोठारात पंजाबच्या नद्या थप्प्या लावून ठेवलेल्या आहेत, असे वाक्य मला सुचले आणि ते मी दुसऱ्या दिवशी वर्गात फेकले. पुढे म्हणालो, कोठारातला हमाल एका खेपेला पाठीवर ९०,००० लिटर पाणी वाहतो. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, “सर, मग तो बुडायला पाहिजे.” वर्ग हसला, मीही हसलो. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी हसली नाही. तिचे वडील कोठारात हमाली करतात, हे मला तिच्या प्रकल्पाच्या वहीवरून नंतर कळले.

ही वही हाच या लेखाचा खरा विषय आहे आणि मी इथवर यायला एवढा वेळ घेतला, यात आश्चर्य नाही.

त्या वर्षीच्या बहुतेक प्रकल्पांत जागतिक तापमानवाढ होती. ओझोनचा थर होता, बर्फाच्या तुकड्यावर उभे असलेले ध्रुवीय अस्वल होते, छापील मथळे होते, पारदर्शक आवरण होते. सायबर कॅफेवाल्याची मेहनत त्यांत उघड दिसत होती. तरी शीर्षक आणि संदर्भ नीट होते म्हणून मी त्यांना चांगले गुण दिले. या मुलीची वही साधी, रेघांची, शंभर पानी होती. शीर्षक: ‘आमच्या घरचे पाणी’. आत दोन महिन्यांच्या तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे दोन-तीन ओळी. नळ कधी आला, किती वेळ होता, किती हंडे भरले, टँकरला नंबर लावायला कोण गेले. आणि मधूनमधून दुसऱ्याच नोंदी. आज भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, भांडी कमी पडतात म्हणून. आज बोअरच्या पाण्यात डाळ शिजली नाही, रॉकेल जास्त लागले. आज पाहुणे येणार होते, आईने पाणी आल्यावर या असा निरोप दिला. आज नळ आला, डाळ शिजली.

डाळीच्या नोंदीखाली मी लाल शाईने रेघ मारली आणि समासात लिहिले: ‘विषयांतर’. शेवटच्या पानावर लिहिले: ‘संदर्भ नाहीत. विश्लेषण नाही. घरगुती स्वरूपाची माहिती.’ आणि उत्तीर्ण होण्यापुरते गुण दिले. ज्या हाताने रात्री साबुदाण्याचा माग काढला, त्याच हाताने हे लिहिले.

पुढच्या उन्हाळ्यात सौ. आठ दिवस माहेरी गेली. मी वरण-भाताचा कुकर लावला. पाच शिट्ट्या झाल्या. भात झाला, डाळ तशीच. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दाणे पाण्यात वेगळे, बोटाने चेपत नव्हते. डाळ जुनी असेल म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात बोल लावला आणि फोन केला.

“पाणी कोणतं घातलंत?”

“कोणतं म्हणजे? पाणी. मागच्या पिंपातलं.”

“अहो, ते बोअरचं. डाळीला नळाचं पाणी लागतं. ओट्याखाली पितळी कळशी आहे बघा झाकलेली, ते डाळीचं पाणी.”

“हे कधीपासून?”

“लग्न होऊन आले तेव्हापासून,” ती म्हणाली. “तुमच्या आईंनीच सांगितलं होतं.”

ओट्याखाली कळशी होती. माझ्या घरात डाळीचे म्हणून एक वेगळे पाणी होते, ते जपून पुरवले जात होते, त्याचा हिशेब दोन पिढ्या चालू होता, आणि त्या पाण्यात शिजलेले वरण मी रोज जेवत होतो. नंतर शेजारी विचारले, सहकाऱ्यांना विचारले. पुरुषांपैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते. त्यांच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते.

कारण समजून घ्यायला फार खोल जावे लागले नाही. आमचा सगळा प्रदेश काळ्या बेसाल्टचा. त्या खडकाच्या भेगांतून मुरलेले पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येते. बायका त्याला जड पाणी म्हणतात. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. एरवी शिजताना तो सैल होतो आणि दाणा फुटतो. कॅल्शियम त्याला घट्ट बांधून टाकतो, मग दाणा फुटत नाही. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर डाळ मऊ पडते, पण त्यात ब जीवनसत्त्वाचा एक महत्त्वाचा अंश नष्ट होतो. बोअर जसजसे खोल जाते, तसे पाणी बहुधा अधिक जड होते. म्हणजे पाऊस कमी, धरण रिकामे, नळ लांबला. मग बोअरवर भिस्त. मग डाळ शिजत नाही. मग इंधन जास्त. ते परवडत नाही तेव्हा डाळच नको, भाकरीवर चटणी. आणि हमाली करणाऱ्या माणसाच्या ताटातली डाळ अशी महिन्यातून कितीतरी दिवस गायब. भूजल, ऊर्जा, पोषण आणि घरातल्या बाईचे श्रम असे चार विषय त्या मुलीने एका ओळीत लिहिले होते. मी कवितेतली एक ओळ चार-चार तास उलगडतो, तिथे ही ओळ मला वाचता आली नाही. ती स्वयंपाकघरातून आली होती आणि तिच्या तळाशी संदर्भाचा आकडा नव्हता.

मी वही शोधून काढली. ती न्यायला आली नव्हती, त्यामुळे कपाटातच होती. गुण विद्यापीठाकडे कधीच गेले होते. तिने महाविद्यालय सोडले होते. तिचा पत्ता वहीच्या पहिल्या पानावर होता, समोरच्या वस्तीतलाच. मी गेलो नाही. जाऊन काय बोलायचे, हे मला सुचले नाही, असे मी स्वतःला सांगितले.

त्या वर्षापासून मी प्रकल्प बदलला. महिनाभर घरातल्या पाण्याची आणि रांधण्याची रोजची नोंद; छापील चित्र नको, अस्वल नको. पहिल्या वर्षी मुलांनी कुरकुर केली, पण वह्या आल्या. कुणाच्या घरी पाण्याच्या तीन जाती होत्या: पिण्याचे, डाळीचे, वापरायचे. कुणाकडे तांदूळ धुतलेले पाणी म्हशीला जाई, कुणाकडे तुळशीला. पुरणपोळी सणाला होत नसे, नळ आल्यावर होई, कारण हरभऱ्याची डाळ तर तुरीहून हट्टी. एका मुलाने लिहिले होते, की त्याने हे सगळे आईला पहिल्यांदाच विचारले आणि ती आधी हसली. या वह्यांतून कोणताही मोठा निष्कर्ष मी काढलेला नाही. निवृत्त होईपर्यंत त्या वाचत राहिलो, एवढेच.

मधल्या काळात दिंडोरी तालुक्यातल्या करंजवण धरणावरून मनमाडसाठी थेट जलवाहिनीची योजना मंजूर झाली. गावात तिच्यावर भरपूर बोलणे होते आणि ते पुरुषांचे असते, म्हणजे कोटींचे आणि किलोमीटरचे असते. त्या बोलण्यात मी आता डाळीचा मुद्दा काढतो. लोक सौजन्याने ऐकून घेतात आणि मूळ विषयावर परततात.

हा लेख लिहिताना एक गोष्ट पुन्हा तपासावी म्हणून काल रात्री पेक्टिनविषयी वाचायला बसलो. पेक्टिन फळांतही असते; त्याच्यामुळेच जॅम आळतो; पेरूत ते भरपूर असते, म्हणून पेरूची जेली चांगली होते; संत्र्याच्या सालीतही असते, आणि त्या सालींच्या मार्मलेडचा स्कॉटलंडमधल्या डंडी या गावाशी संबंध... इथवर आलो होतो, तेवढ्यात आतून हाक आली. उठलो आणि मोटर लावली.